घरातल्या धुराड्याची पीयूसी

पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यात एक जुनी व्हॅन उभी असते. मागच्या दारात टेबल, टेबलावर कॉम्प्युटर, आणि तिथून निघालेली एक लांब नळी. तिथला मुलगा ती नळी स्कूटरच्या सायलेन्सरमध्ये खुपसतो, नंबर प्लेटचा फोटो काढतो आणि दोन मिनिटांत पीयूसीचा कागद हातात ठेवतो. आपण तो न वाचताच डिकीत टाकतो. कधी वाचलाच, तर त्यात ‘कार्बन मोनॉक्साईड, टक्के’ असा एक रकाना सापडेल. २००० नंतरच्या, पण बीएस-४ च्या आधीच्या दुचाकीला तिथे साडेतीन टक्क्यांपर्यंत मुभा आहे. बीएस-४ पेट्रोल मोटारीला ०.३ टक्के. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम ११५ हे सगळं सांगतो. जुन्या गाडीला दर सहा महिन्यांनी, नव्या पिढीच्या गाडीला दर वर्षी ही तपासणी चुकत नाही. चुकली तर दंड.

आता त्याच स्कूटरवाल्याच्या घरी जाऊ. बाथरूमच्या भिंतीवर, शॉवरपासून हातभर अंतरावर, पांढरा पत्र्याचा गॅस गीझर टांगलेला आहे. त्यातही इंधन जळतं, त्यातूनही धूर निघतो. फरक इतकाच, की त्याला सायलेन्सर नाही आणि धूर बाहेर नेणारं नळकांडंही नाही. माथ्यावरच्या फटींतून जे काही निघतं, ते सरळ त्या चार बाय सहाच्या खोलीत. खोलीचं दार आतून बंद, आणि आत एक माणूस उघड्या अंगानं डोळे मिटून डोक्याला साबण लावतोय. या यंत्राच्या धुरात कार्बन मोनॉक्साईड किती आहे, हे ते भिंतीवर चढल्यापासून भंगारवाल्याकडे जाईपर्यंत एकदाही कुणी मोजत नाही.

रस्त्यावरच्या मोकळ्या हवेत सुटणारा धूर आपण नियमानं मोजतो आणि कडी लावलेल्या खोलीत सुटणारा मोजत नाही. या उलट्या कारभाराचं मला गेली काही वर्षं कोडं पडलेलं आहे. दर हिवाळ्यात वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर एक छोटी बातमी येते: बाथरूममध्ये गुदमरून मृत्यू, गॅस गीझरचा संशय. कधी पुणे, कधी नाशिक, कधी मुंबईचं उपनगर. चार ओळी, पुढे काही नाही.

*

आधी गणित मांडू. शाळेत शिकलेलं पुरेसं आहे.

चार फूट रुंद, सहा फूट लांब, आठ फूट उंच बाथरूम म्हणजे १९२ घनफूट, सुमारे ५.४ घनमीटर हवा. मिनिटाला सहा लिटर पाणी तापवणारा गीझर पूर्ण जोरात चालला तर तासाला साधारण एक किलो एलपीजी खातो. एक किलो एलपीजी नीट जळायला सुमारे १३ घनमीटर हवा लागते. म्हणजे पंधरा मिनिटांच्या शॉवरला सव्वातीन घनमीटर. खोलीत आहे पाच-साडेपाच. बाथरूम अगदी हवाबंद असेल, तर आतल्या हवेतला प्राणवायू २०.९ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर यायला साडेतीन मिनिटंही लागत नाहीत. दुसरी बादली भरायच्या आत.

प्रत्यक्षात कुठलंच बाथरूम इतकं हवाबंद नसतं. दाराखाली फट असते, खिडकीच्या काचेच्या पट्ट्यांमधून थोडी हवा येते. पण थंडी पडली की त्याच पट्ट्यांवर वर्तमानपत्र चिकटवलं जातं, दाराखाली पायपुसणं सरकवलं जातं आणि एक्झॉस्ट फॅन ‘गार वाटतं’ म्हणून बंद होतो. १८ टक्के हा आकडा मी सहज घेतलेला नाही. परदेशात धुराड्याविना चालणाऱ्या खोलीतल्या गॅस हीटरना एक सुरक्षा-ज्योत बसवलेली असते. प्राणवायू १८ टक्क्यांच्या आसपास उतरला की ती विझते आणि गॅस बंद होतो. त्याच्या खाली ज्योत बिघडते, हा अनुभवानं ठरलेला उंबरठा आहे.

बिघडते म्हणजे काय होतं? इंधनातला कार्बन एका उडीत कार्बन डायऑक्साईड होत नाही. आधी तो कार्बन मोनॉक्साईड होतो आणि मग ज्योतीच्या वरच्या, तापलेल्या भागात त्याला आणखी प्राणवायू मिळून काम पुरं होतं. ही दुसरी पायरी संथ आहे. तिला उष्णता हवी, प्राणवायू हवा आणि थोडा वेळ हवा. यातलं एक जरी कमी पडलं तरी पहिल्याच पायरीवरचा माल बाहेर पडतो. गीझरमध्ये तिन्ही कमी पडू शकतात. ज्योतीच्या डोक्यावर तांब्याच्या पातळ पंखांची जाळी असते आणि तिच्यातून गार पाणी धावत असतं. पंखांमध्ये काजळी, धूळ, कपड्यांचे तंतू अडकले की धूर तुंबतो, ज्योत गार धातूला चाटते आणि अर्धवट जळालेला वायू तसाच गोठून बाहेर येतो. त्यात एलपीजीच्या गीझरला पाइपगॅस जोडताना नोझल बदललंच नसेल, किंवा चुकीचं बसवलं असेल, तर हवा आणि गॅस यांचं प्रमाण पहिल्या दिवसापासूनच चुकतं.

आणि वायू असा, की ना रंग ना वास. सिलिंडरच्या गॅसला निदान मर्कॅप्टनचा उग्र दर्प मुद्दाम घातलेला असतो. गळती झाली की शेजारीसुद्धा विचारायला येतात. जळून गेलेल्या गॅसला तो दर्पही उरत नाही.

रक्तातल्या हिमोग्लोबिनला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशे ते अडीचशे पटींनी घट्ट चिकटतो. यातून एक भयंकर साधा हिशेब निघतो. प्राणवायूचे २१ टक्के भागिले सुमारे २३०, म्हणजे ०.०९ टक्के. दहा लाखांत ९०० भाग, म्हणजेच ९०० पीपीएम. इतका कार्बन मोनॉक्साईड असलेल्या हवेत माणूस पुरेसा वेळ राहिला, तर त्याच्या रक्तातल्या जागा दोन्ही वायूंमध्ये निम्म्या-निम्म्या वाटल्या जातात. रक्तातला वाटा वीस-तीस टक्क्यांवर गेला की डोकं ठणकतं, मळमळतं. चाळीस-पन्नासवर भान हरपतं, पाय साथ देत नाहीत. बाथरूममध्ये तर एकीकडे हा वायू वाढतो आणि दुसरीकडे प्राणवायू घटतो, त्यामुळे तोच आकडा तिथे अधिक जागा बळकावतो.

आपल्या घरांत आंघोळी एकामागून एक होतात. नरकचतुर्दशीच्या पहाटेचंच बघा ना. बाहेर गारठा, आत तेल-उटणं, एक बाहेर आला की दुसरा आत, आणि गीझर मध्ये बंदच होत नाही. प्रत्येकाच्या आंघोळीचा धूर पुढच्यासाठी साठत जातो. सगळ्यांच्या मागून आंघोळीला जाते घरची बाई. सगळ्यात वाईट हवा तिच्या वाट्याला येते.

*

बंब होते तेव्हा हे होत नव्हतं का, असं मला एका वाचक मित्रानं विचारलं. होत असणार. तांब्याच्या बंबात लाकूड किंवा कोळसा जळे, आणि जळत्या कोळशाइतका कार्बन मोनॉक्साईड घरातला दुसरा विस्तव क्वचितच सोडतो. पण बंबाच्या पोटातून वर जाणारं एक नळकांडं असे, आणि न्हाणीघराला डोक्यावर कौलं असत. कौलांच्या फटींमधून धूर जाई आणि वाराही येई. बंब पुष्कळ घरी परसातच असे. वाईट जागा होती ती बाळंतिणीची खोली. दारं-खिडक्या लावून, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवून शेक दिला जाई. त्या खोल्यांतल्या ‘बाळंतिणीला घेरी आली’ या नोंदींमागे या वायूचा हात किती, हे आता कुणालाच मोजता येणार नाही. वाड्यांच्या जागी फ्लॅट आले, सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडक्या आल्या, घरं बंदिस्त झाली, पण विस्तव आतच राहिला.

पुण्यात गीझर दुरुस्त करणाऱ्या एका मेकॅनिकशी मी बोललो. ब्रश, तार, पाना आणि दोन-तीन तऱ्हेची वॉशरं एवढ्यावर त्याचं काम चालतं. गीझर चांगला आहे हे तुम्ही कसं ठरवता, असं विचारलं. “ज्योत निळी पडली की झालं ना काका,” तो म्हणाला. “पिवळी असली तर कॉइल साफ करायची, जेट साफ करायचा.” त्याचं म्हणणं चूक नाही. पिवळी ज्योत आणि काजळी ही खात्रीची धोक्याची खूण आहे. पण निळी ज्योत ही सुरक्षिततेची खूण नाही. तो ज्योत बघतो तेव्हा दार सताड उघडं असतं, पाणी दोन मिनिटं चाललेलं असतं आणि हवा ताजी असते. तीच ज्योत दहा मिनिटांनी, बंद दाराआड कशी असेल, हे त्याला दिसत नाही. “हा आत लावूच नका, असं मी सांगतो लोकांना,” तो पुढे म्हणाला. “ड्राय बाल्कनीत लावा म्हणतो. पण पाइप वाढतो, फोडाफोडी करावी लागते. मग म्हणतात, आहे तिथंच लाव.”

मोजायचं कसं ते बघायला मी भोसरीच्या एमआयडीसीत बॉयलरची देखभाल करणाऱ्या एका इंजिनिअरला गाठलं. कारखान्यात धुराड्यातला वायू मोजणं हे रोजचं काम आहे. तिथे ते जिवासाठी कमी आणि डिझेल किंवा गॅसच्या बिलासाठी जास्त होतं. धुराड्यातून कार्बन मोनॉक्साईड जाणं म्हणजे विकत घेतलेलं इंधन अर्धवट जाळून फेकून देणं. त्यासाठी त्यांच्याकडे एक हातात मावणारं यंत्र असतं, फ्लू गॅस ॲनलायझर. लाखाच्या आसपास किंमत. स्टीलची लांब नळी, तिच्यामागे रबरी पाइप, पाणी साठवणारी छोटी बाटली, धूळ अडवणारा फिल्टर, आतमध्ये पंप आणि संवेदक.

“बाथरूमचं मोजायचं?” तो हसला. “आधी गॅलरीत चला.”

सगळ्या मापनाचा पाया या गॅलरीत आहे. यंत्र सुरू करताना ते भोवतालच्या हवेला शून्य मानतं. गीझर चालू असलेल्या घरात ते सुरू केलं तर तिथली दूषित हवाच शून्य ठरते, आणि पुढचं प्रत्येक माप तेवढ्यानं कमी दिसतं. म्हणून सुरुवात बाहेरच्या ताज्या हवेत करायची. रस्त्याकडेची गॅलरीही चालत नाही, खाली रिक्षा धूर सोडत उभी असली तर. मग गीझर लावायच्या आधी बाथरूमची हवा मोजायची. स्वयंपाकघरातून, देवघरातल्या धूप-उदबत्तीतून, कुणाच्या सिगारेटमधून आधीच काही आलंय का, हे त्यातून कळतं. त्यानंतर गरम पाणी सोडायचं, दार लावायचं, आपण बाहेर थांबायचं, आणि नळी माणसाच्या नाकाच्या उंचीवर राहील अशा बेतानं आत सोडायची. आकडा किती झाला यापेक्षा तो मिनिटागणिक चढतोय का, याच्याकडे लक्ष ठेवायचं. चढत असेल तर माप तिथेच थांबवायचं आणि खिडकी उघडायची.

हे झालं खोलीतल्या हवेचं माप. माणूस काय श्वासात घेतो, ते यातून कळतं. पण आज वारा जोरात असेल, दार जरा उघडं राहिलं असेल, तर खोलीचा आकडा गोड दिसतो. यंत्राचा दोष खोलीतल्या हवेत पसरायच्या आधी पकडायचा तर नळी धुराच्या उगमापाशी, गीझरच्या माथ्यावर न्यावी लागते.

इथे अननुभवी माणूस हमखास फसतो. समजा, एका गीझरच्या माथ्यावर १०० पीपीएम आला, दुसऱ्याच्या २००. वाईट कुठला? कुणीही म्हणेल दुसरा. पण इंजिनिअरनं लगेच विचारलं, “प्राणवायू किती होता ते सांगा ना.” पहिल्याच्या धुरात प्राणवायू १८ टक्के निघाला, दुसऱ्याच्या ६ टक्के, असं धरू. १८ टक्के म्हणजे नळीत धुरापेक्षा बाहेरची हवाच जास्त आली आहे. पाणी घातलेलं ताक चाखून दही किती आंबट होतं ते सांगण्यातला हा प्रकार. किती पाणी घातलं ते आधी ठाऊक हवं. हिशेब असा करतात: मिळालेला आकडा गुणिले २०.९, भागिले (२०.९ वजा धुरातला प्राणवायू). पहिल्याचा खरा आकडा येतो सुमारे ७२०. दुसऱ्याचा २८० च्या आसपास. कमी दिसणारा गीझर अडीच पटींनी वाईट निघाला.

याला ‘हवा वगळून’ काढलेलं माप म्हणतात. अमेरिकेत घर तापवणाऱ्या गॅसभट्टीच्या धुराड्यात या मापानं ४०० पीपीएमची मर्यादा आहे. ब्रिटनमध्ये दुसरी वाट धरतात. तिथे कार्बन मोनॉक्साईडला कार्बन डायऑक्साईडनं भागतात. पातळ झालं तरी दोन्ही सारखेच पातळ होतात, त्यामुळे गुणोत्तर बदलत नाही. आपल्याकडेही ही कल्पना नवी नाही. घरगुती गॅस शेगडीच्या भारतीय मानकात, आयएस ४२४६ मध्ये, हे गुणोत्तर ०.०२ च्या वर जाऊ नये असं लिहिलं आहे. एलपीजीच्या निव्वळ धुरात कार्बन डायऑक्साईड सुमारे १४ टक्के असतो, म्हणजे ही मुभा २८०० पीपीएमच्या घरात जाते. उघड्या स्वयंपाकघरातल्या शेगडीला ती ठीक असेल. लहान आकाराच्या एलपीजी गीझरसाठीही आयएस १५५५८ हे स्वतंत्र मानक २००५ पासून आहे. पण मानकाची चाचणी प्रयोगशाळेत, नव्या कोऱ्या यंत्रावर, भरपूर हवेत होते. चार पावसाळे पाहिलेल्या, काजळलेल्या यंत्राची चाचणी घ्यायला कुणी घरी येत नाही.

धुराच्या आणि खोलीच्या आकड्यांना जोडणारा हिशेबही करून टाकतो. पाव किलो एलपीजीतून, पाण्याची वाफ सोडून, सुमारे तीन घनमीटर धूर होतो. त्यात ‘हवा वगळून’ १००० पीपीएम असेल, तर पंधरा मिनिटांत तीन लिटर कार्बन मोनॉक्साईड खोलीत येतो. आपल्या ५.४ घनमीटरच्या बंद बाथरूममध्ये तो पसरला की खोलीचा आकडा होतो साडेपाचशेच्या पुढे. जागतिक आरोग्य संघटनेची पंधरा मिनिटांची मर्यादा आहे घनमीटरला १०० मिलिग्रॅम, म्हणजे नव्वद पीपीएमच्या जरा खाली. आणि ज्योत आणखी बिघडत नाही असं धरून केलेला हा हिशेब आहे. प्राणवायू उतरल्यावर तो धूर १००० वर थांबत नाही.

*

मोजण्याची ही विद्या कोळशाच्या खाणीत जन्मली. १८९६ च्या जानेवारीत वेल्समधल्या टायलर्सटाउन इथल्या खाणीत स्फोट होऊन ५७ माणसं गेली. जॉन स्कॉट हॉल्डेन या स्कॉटिश शरीरशास्त्रज्ञानं मृतदेह तपासले, तेव्हा दिसलं की बहुतेकांना स्फोटानं मारलंच नव्हतं. स्फोटानंतर बोगद्यांतून पसरलेल्या कार्बन मोनॉक्साईडनं मारलं होतं. हॉल्डेननं त्याच्या आदल्याच वर्षी हा वायू स्वतः हुंगून, स्वतःचं रक्त तपासून त्याचे परिणाम लिहून काढले होते. खाणीत उंदीर किंवा पिवळे कॅनरी पक्षी न्यावेत ही सूचना त्याचीच. लहान जीवाचा श्वास आणि रक्ताभिसरण झपाट्यानं चालतं, त्यामुळे माणसाला काही जाणवायच्या आत पक्षी दांडीवरून पडतो. ब्रिटनच्या खाणींतून हे पक्षी १९८६ मध्ये निवृत्त झाले.

पक्ष्याची जागा घेणाऱ्या संवेदकांची आज तीन घराणी आहेत. पहिलं, अवरक्त किरणांचं. कार्बन मोनॉक्साईड साधारण ४.६ मायक्रॉन लांबीची किरणं शोषतो, ती किती शोषली यावरून प्रमाण काढायचं. पीयूसीच्या व्हॅनमध्ये हेच असतं. टक्क्यांत मोजायला ते उत्तम, पण दहा-वीस पीपीएम मोजायला स्वस्तातलं यंत्र पुरं पडत नाही. दुसरं, तापलेल्या टिन ऑक्साईडचं. १९६२ मध्ये जपानच्या नाओयोशी तागुची यांनी ते शोधलं. ज्वलनशील वायू जवळ आला की त्याचा विद्युतरोध घटतो. स्वस्त आणि टिकाऊ आहे, पण कुठल्या वायूमुळे घटला हे सांगायला कच्चं. तिसरं, विद्युत-रासायनिक. त्यात इवल्याशा कोठडीत आम्ल आणि इलेक्ट्रोड असतात. कार्बन मोनॉक्साईडचा रेणू तिथे पाण्याच्या मदतीनं कार्बन डायऑक्साईड होतो आणि दोन इलेक्ट्रॉन सोडतो. नॅनोॲम्पिअरमधला तो प्रवाह म्हणजेच आकडा. इंजिनिअरच्या हातातल्या ॲनलायझरमध्ये आणि घरी लावायच्या बहुतेक चांगल्या अलार्ममध्ये हेच असतं.

या तिसऱ्या घराण्याच्या दोन खोडी आपल्या घरांच्या संदर्भात सांगायलाच हव्यात. ते हायड्रोजनलाही फसतं. इन्व्हर्टरची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, त्यामुळे पॅसेजमध्ये बॅटरीशेजारी लावलेला अलार्म विनाकारण बोंबलू शकतो. चार वेळा असं झालं की माणसं त्याचा सेल काढून ठेवतात. दुसरी खोड, ते म्हातारं होतं. काही वर्षांनी, साधारण पाच ते दहा, कोठडीतला रस आटतो किंवा मंद होतो, आणि मेलेला संवेदक दाखवतो तो आकडाही शून्यच. म्हणून अलार्मवर बाद होण्याची तारीख छापलेली असते आणि ॲनलायझर दर वर्षी ठरावीक प्रमाणाच्या वायूच्या सिलिंडरवर तपासून घ्यायचा असतो. तपासणीचा दाखला नसलेल्या यंत्राचा आकडा मी तरी मानणार नाही.

दुकानात एक घोटाळा सर्रास होतो. ‘गॅसचा अलार्म द्या’ म्हटलं की गळतीचा अलार्म हातात पडतो. तो न जळलेला एलपीजी ओळखतो, आणि एलपीजी जड म्हणून जमिनीजवळ बसवतात. कार्बन मोनॉक्साईड हवेपेक्षा किंचित हलका, गरम धुराबरोबर वर जाणारा आणि सगळीकडे मिसळणारा. त्याचा अलार्म वेगळा आणि त्याची जागाही वेगळी. दोन-तीन हजारांत तो मिळतो.

पण अलार्म गप्प आहे म्हणजे हवा चांगली आहे, असंही नाही. युरोपीय मानकानुसार घरगुती अलार्मनं ३० पीपीएमला दोन तास वाजायचंच नसतं. ५० ला तासाभरानंतर, १०० ला दहा ते चाळीस मिनिटांत, ३०० ला तीन मिनिटांच्या आत. हे वेळापत्रक झोपलेल्या कुटुंबाला वाचवण्यासाठी आखलेलं आहे. शिवाय वाफेमुळे अलार्म बाथरूमच्या आत लावू नये असं उत्पादकच सांगतात. म्हणजे जिथे धोका सर्वांत मोठा, तिथे तो दाराबाहेरून पहारा देणार.

*

मोजण्याची खरी शोकांतिका घटना घडल्यावर सुरू होते. दार फोडतात, खिडकी उघडतात, माणसाला बाहेर काढतात. हे करायलाच हवं. पण पाच-दहा मिनिटांत खोलीतली हवा निर्मळ होते. अग्निशमन दलाचं यंत्र येईतो पुरावा उडून गेलेला असतो. वाचलेल्या माणसाच्या रक्तातही तसंच होतं. साध्या हवेत चार-पाच तासांत त्या वायूचं प्रमाण निम्म्यावर येतं. मास्कमधून शुद्ध प्राणवायू दिला तर तास-दीड तासात. जीव वाचवणारा उपचार निदानाची खूण पुसत जातो. मेलेल्याच्या रक्तात मात्र ती टिकते. साध्या रक्तात कॉस्टिक सोड्याचं तीव्र द्रावण घातलं की ते तपकिरी होतं, या वायूनं भरलेलं रक्त लालच राहतं. एकोणिसाव्या शतकातली ही चाचणी शवविच्छेदनाच्या पुस्तकांत अजून आहे.

कोविडमध्ये घरोघरी आलेला, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर इथे दगा देतो. कार्बन मोनॉक्साईडनं व्यापलेलं हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूनं भरलेलंच वाटतं. माणूस गुदमरत असतो आणि पडद्यावर ९८ असतं. त्यासाठी रक्ताची कार्बोक्सीहिमोग्लोबिन ही वेगळी तपासणी लागते, आणि ती कुणी सुचवली तरच होते. मुंबई-बंगळुरूच्या मेंदूतज्ज्ञांनी गॅस गीझरच्या रुग्णांबद्दल वैद्यकीय नियतकालिकांत लिहिलं आहे. बाथरूममध्ये फिट येते, बाहेर आणल्यावर रुग्ण सावरतो, आणि अपस्माराच्या गोळ्या सुरू होतात. गीझर भिंतीवर तसाच. काहींना बरं वाटल्यावर काही आठवड्यांनी विसराळूपणा, कंप, चालण्यातला ताठरपणा असे त्रास सुरू होतात, कारण मेंदूच्या खोलवरच्या भागाला इजा झालेली असते.

ब्रिटननं १९९८ च्या नियमांत हा प्रश्न एका वाक्यात निकाली काढला. बाथरूममध्ये गॅसचं उपकरण बसवायचं तर ते खोलीपासून पूर्ण बंदिस्त असलं पाहिजे; हवा बाहेरून घेणारं आणि धूर बाहेर टाकणारं. इंग्लंडमध्ये २०२२ च्या ऑक्टोबरपासून भाड्याच्या घरात ज्या खोलीत असं जळणारं उपकरण असेल तिथे घरमालकाला अलार्म लावावा लागतो. आपल्याकडे गीझरच्या पुस्तिकेत ‘बाथरूमबाहेर बसवा’ असं छापलेलं असतं आणि बसवणारा ती पुस्तिका खोक्यासकट घरमालकाच्या हाती देऊन आत बसवून जातो. हवेची राष्ट्रीय मानकं आहेत, कार्बन मोनॉक्साईडला तासाभरासाठी घनमीटरला ४ मिलिग्रॅम, पण ती बाहेरच्या हवेची. माझं मत स्पष्ट आहे: बाथरूमच्या आत उघड्या धुराचा गीझर बसवण्यावर बंदी हवी, आणि जे बाहेर आहेत त्यांच्या धुराचं वर्षातून एक माप सक्तीचं हवं. दोनशे फ्लॅटच्या सोसायटीला एक ॲनलायझर जड नाही. पार्किंगच्या वादाला दोन तास देणाऱ्या सर्वसाधारण सभेनं यासाठी दहा मिनिटं काढावीत.

तोवर आपल्या हातात आहे ते करा. गीझर आत असेल तर थंडी वाढायच्या आधी बाहेर काढून घ्या, फोडाफोडी झाली तरी चालेल. ते होईपर्यंत दार उघडं ठेवून बादली भरा, गीझर आणि गॅस दोन्ही बंद करा, थोडी हवा खेळू द्या, आणि मगच आंघोळीला आत जा. मेकॅनिकला ज्योतीचा रंग विचारू नका. धुराचा आकडा आणि त्यासोबत प्राणवायूचा आकडा, दोन्ही लिहून मागा. आणि बाथरूममध्ये कुणाला घेरी आली, फिट आली, तर आधी मोकळ्या हवेत आणा, गॅस बंद करा, आणि दवाखान्यात पोचल्याबरोबर, प्राणवायू लावतानाच डॉक्टरांना सांगा: घरात गॅस गीझर चालू होता, कार्बोक्सीहिमोग्लोबिन तपासा.